चौरस फुटाच्या दराबाहेरचं घर

घर बांधायचं ठरलं की जो तो पहिल्यांदा एकच विचारतो: सध्या दर काय चाललाय? दर म्हणजे चौरस फुटाचा. आकडा कळला की त्याला क्षेत्रफळानं गुणायचं आणि आलेल्या रकमेवर कर्जाचा अर्ज भरायचा. दीड-दोन वर्षांनी ती माणसं भेटतात तेव्हा बांगड्या मोडलेल्या असतात, भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचललेले असतात आणि तरी कंपाउंडला गेट बसलेलं नसतं. कराडसारख्या तालुक्याच्या गावात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. ती बांधणारी माणसं उधळी नव्हती. त्यांना खर्चाचा खरा आकडा कुणी आधी सांगितलाच नव्हता.

आमच्या घरात हा विषय निघाला तो माझ्या लेकीमुळे. ती पुण्यात एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करते. तिनं आणि जावयांनी कराडच्या कडेला मंजूर रेखांकनातला तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतला आहे आणि तिला त्यावर स्वतःचं घर बांधायचं आहे. माझ्या धाकट्या भावाची हयात बांधकामांवर सुपरवायझर म्हणून गेली. त्याचं म्हणणं असं की बांधू नका, बांधलेलं घ्या. दोघांचं बोलणं मी ऐकत बसले होते. ते इथं मांडते आहे, कारण या हिशेबात माझाही एक आकडा होता आणि तो दोघांपैकी कुणीच धरला नव्हता.

मामा – दोन हजार रुपये दर, साहित्यासह. घर हजार फुटांचं. म्हणजे वीस लाख. असंच ना?

भाची – हो. आणि तुम्ही म्हणणार की पंचवीस होतील. म्हणून मी पंचवीसच धरलेत.

मामा – पंचवीस कशावरून?

भाची – वर पंचवीस टक्के.

मामा – टक्के धरले की कशाला किती लागतं हे बघायचं राहून जातं, पोरी. आधी सांग, हजार फूट म्हणजे कुठले हजार?

भाची – बिल्टअप.

मामा – ठेकेदार स्लॅब मोजणार. पोर्चवर स्लॅब आहे, जिन्यावर आहे, वर गच्चीत उघडणाऱ्या जिन्याच्या खोलीवरही आहे. छज्जा अर्धा धरायचा की पूर्ण, ते त्याच्या मनावर. तुझे हजार त्याच्या टेपेनं साडेअकराशे भरले तर दर तोच राहून तीन लाख वाढले. भांडायला जागा नाही, कारण मोजायचं कसं हे कुठं लिहिलेलंच नाही.

भाची – मग लिहून घेईन. फ्लॅटमध्ये तरी दुसरं काय होतं? रेरा येईपर्यंत बिल्डर सुपर बिल्टअपच विकत होते. जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं माणसाच्या माथी मारत होते. इथं निदान प्रत्येक फूट माझा आहे.

मामा – तुझा आहे, म्हणून खर्चही सगळा तुझा. त्या दोन हजारांत कंपाउंड आहे का?

भाची – नाही. ते वेगळं.

मामा – तीन गुंठे म्हणजे बत्तीसशे सदुसष्ट चौरस फूट. पंचेचाळीस बाय बहात्तरचा प्लॉट धरलास तर चारी बाजू मिळून दोनशे चौतीस फूट भिंत आली. फुटाला हजार रुपये धर, पाया-गिलाव्यासकट. गेट मिळून अडीच लाख गेले. ही भिंत घराच्या आत नाही, म्हणून ती कुणाच्या डोळ्यापुढं नसते.

त्यानंतर बोअर आलं, जमिनीखालची पाण्याची टाकी आली, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आला. दोघांनी मिळून दोन लाख लिहिले. ग्रिल, ओटा, ट्रॉल्या, कपाटं यांना अडीच. आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, परवानगी हे मिळून दीड. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वीजजोडणी, दिवे-पंखे यांना एक. यातली एकही गोष्ट चैनीची नव्हती, आणि एकही त्या दोन हजारांच्या दरात नव्हती.

मामा – आता जमिनीखाली चल. तुझ्या प्लॉटवर माती कसली आहे?

भाची – काळी.

मामा – किती खोल?

भाची – ते कसं सांगणार?

मामा – खड्डा घेऊन. कृष्णाकाठची काळी माती आहे ही. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या उलाढालीत पाया उचलला जातो आणि खाली बसतो, मग भिंतीला तिरपे तडे जातात. त्यामुळं फुटिंग मुरमापर्यंत न्यावं लागतं. मुरूम चार फुटांवर लागला तर नशीब. आठ-नऊ फुटांवर लागला तर उत्खनन वाढलं, कॉलमची उंची वाढली, सळई वाढली. शिवाय जोत्यात तीच काळी माती परत भरून चालत नाही, बाहेरून मुरूम आणून थराथरानं ठोकावा लागतो. ठेकेदाराच्या दरात पाया ठरावीक खोलीपर्यंतच असतो. त्याखालचं सगळं ‘एक्स्ट्रा’. चाचणीचा खड्डा जेसीबीनं तासाभरात होतो, मातीची तपासणी काही हजारांत होते. तरी लोक ती करत नाहीत. टाइल्स बघायला मात्र चार शोरूम हिंडतात.

भाची – करून घेईन. दोन लाख धरा त्याचे.

मामा – आणि पूररेषा? २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-कोयनेचं पाणी कुठवर आलं होतं ते आठव.

भाची – ते प्लॉट घ्यायच्या आधीच बघितलंय, मामा. निळ्या रेषेच्या बाहेर आहे, लाल रेषेच्याही. हे माझं रोजचं काम आहे. स्वस्तात गुंठा मिळाला म्हणून लोक घेतात आणि मग कर्जाला येतात. सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावं, रेखांकन मंजूर नाही, रस्ता कागदावर नाही. बँक कर्ज देत नाही. मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचा अर्ज, त्याची फी, विकास शुल्क, हेलपाटे. प्लॉटवर वाचवलेले पैसे तिथं जातात आणि मधली वर्षं बँकेच्या कर्जाविना सावकारी व्याजानं काढावी लागतात. म्हणून मी एनए झालेला, रेखांकन मंजूर असलेला प्लॉट जास्त पैसे देऊन घेतला. भूमि अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत घेतली. हा खर्च खर्च नव्हेच.

इथं माझा भाऊ मनापासून हसला. त्याच्या धंद्यात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास झाला, ती म्हणजे काम सुरू झाल्यावर शेजारी येऊन ‘ही हद्द आमची’ म्हणणं. निम्म्यावर आलेलं काम त्यानं वर्ष-वर्ष बंद पडलेलं पाहिलं आहे. कागदाच्या बाबतीत भाची त्याच्या पुढं होती, आणि तसं त्यानं बोलून दाखवलं.

मामा – कागद तू सांभाळशील. पण मी तयार घर घे म्हणतो त्याचं कारण वेगळं आहे. तयार घरात राहायला गेलीस आणि स्लॅब गळला तर बिल्डरला धरता येतं. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याची. तुझ्या ठेकेदाराला कुठला रेरा?

भाची – सहा रो-हाउसची एखादी स्कीम असेल, तर तिला तरी कुठला रेरा? पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असतील तर नोंदणीची सक्ती नाही. गावातली बहुतेक कामं त्यात बसतात. आणि ठेकेदाराला धरायला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट घातली आहे.

मामा – आयोगापुढं काय दाखवशील? डायरीचं पान?

भाची – करार दाखवीन. मुद्रांकावर केलेला. सिमेंट कुठलं, सळई कुठली, मोजमाप कसं, कुठल्या टप्प्याला किती पैसे, आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गेल्यावर.

मामा – ते शेवटचं लिहून देणारा ठेकेदार मिळाला तर मला कळव, मी त्याचा सत्कार करीन. पण माग. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, हेही खरं.

आतापर्यंत खर्चाचा आकडा वीसवरून साडेएकतीसवर गेला होता. मला वाटलं, लेक आता हबकेल. ती हबकली नाही. मात्र तिनं जे सांगितलं ते माझ्या मनात रुतलं.

भाची – मामा, आमच्याकडं जे घडतं ते ऐका. माणूस वीस लाखांचं अंदाजपत्रक आणतो. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देता येतं, म्हणून त्याला अठरा मंजूर होतात. काम सुरू होतं. जोतं, लिंटेल, स्लॅब, तसे हप्ते सुटतात. गिलाव्याला येईपर्यंत अठरा संपतात. वरचे अकरा-बारा लाख कुठून येतात? सोनेतारणातून, पतसंस्थेतून, वैयक्तिक कर्जातून. म्हणजे ज्या भागाचा अंदाज धरला नव्हता, तो सगळ्यात महाग पैशानं बांधला जातो. घराची भिंत साडेआठ टक्क्यांची आणि कंपाउंड चौदा-पंधरा टक्क्यांचं. ज्यानं सुरुवातीलाच एकतीस लिहिले, त्याला सत्तावीस-अठ्ठावीस गृहकर्जाच्याच दरानं मिळू शकले असते. खोटा आकडा घरच्यांना बरं वाटावं म्हणून लिहितात आणि वीस वर्षं त्याचं व्याज भरतात.

मामा – आणि गृहकर्जाचं व्याज काय कमी आहे?

भाची – कमी नाही. तीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. महिन्याला सव्वीस हजार आणि शेवटी भरलेले साडेबासष्ट लाख. पण ते फ्लॅटलाही तेवढंच. उलट फ्लॅटवर मुद्रांक शुल्क पूर्ण किमतीवर भरायचं. मी ते फक्त जमिनीवर भरलं. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी वेगळा.

मामा – सिमेंट-सळईवर भरशीलच की. काम मजुरीवर दिलंस तर एका घराच्या नुसत्या मजुरीवर जीएसटी नाही, हे मला ठाऊक आहे. पण हजार फुटांना चारशे पोती सिमेंट आणि साडेतीन-चार टन सळई लागते. त्यावर अठरा टक्के आहेच.

भाची – सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत अठ्ठावीस होता. दहा टक्के उतरला.

मामा – उतरला ते चांगलं झालं. पण वेळेचा कर कोण उतरवणार? काम एक महिना लांबलं की अठरा लाखांवरचं व्याजच पावणेतेरा हजार. वर पुण्याचं घरभाडं चालूच. सेंट्रिंगवाला दुसऱ्याच्या कामावर गेला, फिटर गावच्या जत्रेला गेला, पावसानं जोत्यात पाणी भरलं. यातलं काहीच कुणाच्या हातात नसतं. म्हणूनच म्हणतो, तयार घर घे.

भाची – तयार घराच्या गिलाव्याआड काय आहे, ते तुम्ही तरी सांगू शकाल का? ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तो हा मुलूख. इथं मला कॉलममधली रिंग मोजून बघायची आहे. किती अंतरावर आहे, तिचा हूक एकशे पस्तीस अंशात आत वळवलाय की नुसता काटकोनात दुमडलाय. बांधून तयार झालेल्या घरात हे दिसणारच नाही.

मामा – खरं आहे. हूक आत वळवायला पैसे लागत नाहीत. पण स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी वाकून बघायला माणूस लागतो. एम-वीसच्या काँक्रीटला पन्नास किलोच्या पोत्यामागं तीस लिटर पाणी सांगितलंय. मिक्सरवाला बादल्या मोजत नाही, पातळ केलं की ढकलायला सोपं जातं. पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद गेली. आणि क्युरिंग? आता बहुतेक सिमेंट पीपीसी असतं. त्याला कमीत कमी दहा दिवस, खरं तर चौदा दिवस काँक्रीट ओलं ठेवायला हवं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजतं ठेवायचं. रविवारी कामगार येत नाहीत, कॉलम त्या दिवशी वाळत बसतात. हे बघायला तू पुण्याहून येणार आहेस?

भाची – नाही. आई आहे ना इथं.

माझा तो आकडा हाच. ‘आई आहे ना इथं.’ भाऊही गप्प राहिला, कारण त्याच्याही मनात तेच होतं. आपल्याकडं घर बांधताना हे इतकं सहज घडतं की ते कुणाला खुपतही नाही. कर्ता माणूस नोकरीवर आणि घरातली बाई किंवा नुकते निवृत्त झालेले वडील बांधकामावर. सकाळी मजूर येण्याआधी जाऊन पाणी मारायचं. पोती मोजून घ्यायची, रिकामी पोती मोजून ठेवायची. खडीचा ट्रक आला की ब्रास भरतात का ते बघायचं. टँकरवाल्याला फोन करायचा. दुपारी चहा. संध्याकाळी खिडकी तीन इंच खाली आली म्हणून गवंड्याशी वाद, आणि त्यावर ‘काकी, तुम्हाला यातलं कळत नाही’ हे ऐकून घ्यायचं. हे वर्षभर, उन्हातान्हात, सिमेंटच्या धुळीत. माझ्या ओळखीतल्या बायकांचे गुडघे आणि दमे या वर्षांत कायमचे बिघडलेले मला माहीत आहेत. वास्तुशांतीला त्यांचं कौतुक होतं, पण खर्चाच्या वहीत त्यांच्या नावाची ओळ नसते.

म्हणून मी मधे बोलले. म्हटलं, माझं प्रेम या घरावर तुमच्याइतकंच आहे आणि मी येईनही. पण ज्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला तर पगार द्यावा लागतो, ते काम वहीत लिहा. मग मी ते करते की माणूस करतो, ते नंतर ठरवू.

मामा – अक्का बरोबर बोलते आहे. चांगला सुपरवायझर, रोज निदान चार तास, त्याला महिन्याला अठरा हजार तरी द्यावे लागतील. बारा महिने म्हणजे दोन लाख सोळा हजार.

भाची – लिहिते. आणि आई, तू रोज जायचं नाहीस. स्लॅबच्या दिवशी ये, मीही येते.

मामा – बघ, चौतीस झाले. साडेचौतीस, बांधकामाच्या काळातलं व्याज धरून. जमीन वेगळी. आता तरी मानशील का?

भाची – महाग आहे, हे मानते. बांधू नये, हे नाही मानत.

एक गोष्ट दोघांनीही घाईत ओलांडली, ती मी इथं नोंदवते. कामावर येणारे बिगारी, डोक्यावर घमेली घेऊन जिना चढणाऱ्या बायका, वाळूच्या ढिगावर झोपवलेली त्यांची पोरं, हीही घराच्या खर्चाची बाजू आहे. परांचीवरून पडून कुणी जायबंदी झालं तर त्याचं घर उघड्यावर येतं. ठेकेदाराच्या दरात हेल्मेट नसतं, विमा नसतो. आपण तो मागत नाही, कारण मागितला तर दर वाढेल. त्या कमी दराचा फरक दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतो. लेकीच्या करारात कामगारांच्या विम्याचं कलम घालायला मी सांगितलं आहे, आणि ते घातल्याशिवाय भूमिपूजनाचा नारळ मी फोडणार नाही.

मामा – बांधायचंच असेल तर लहान बांध. हजार फूट कशाला? दोघं आणि एक पोर. सातशे पुरे.

भाची – हा हिशेब मी केलाय आणि त्यानं मलाच धक्का बसला. सातशे केलं तर मूळ बांधकाम चौदा लाखांवर येतं, सहा लाख वाचतात. पण कंपाउंड तेवढंच राहतं. बोअर तेवढीच खोल, सेप्टिक टँक तोच, ओटा तोच, सुपरवायझर जवळजवळ तेवढाच. चौतीस-साडेचौतीसचे साडेसत्तावीस होतात. घर तीस टक्क्यांनी लहान झालं, खर्च वीस टक्क्यांनीच कमी झाला. मग तीनशे फूट सात लाखांना मिळत असतील तर ते का सोडायचे?

मामा – कारण ते तीनशे फूट दर पाच-सहा वर्षांनी रंग मागतात. त्यांच्यावरची गच्ची कधीतरी गळणार, ती तुलाच दुरुस्त करायची. रोज झाडायचे, त्यांची घरपट्टी भरायची. सात लाखांवर वीस वर्षांचं व्याज धरलंस तर साडेचौदा लाख होतात. घर बांधून संपत नाही गं. फ्लॅटमध्ये मेंटेनन्सचं बिल दर महिन्याला येतं म्हणून माणसं कुरकुरतात. बंगल्यात बिल येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की खर्चच नाही. मग दहाव्या वर्षी गच्चीचा कोबा उखडायला काढतात तेव्हा एकदम दीड-दोन लाख समोर येतात.

भाची – मग दर महिन्याला ते पैसे बाजूला काढायचे. फ्लॅटमध्ये सोसायटी सिंकिंग फंड गोळा करते, तसा मी माझा करीन. फ्लॅटमधला माणूस तीस वर्षांनी इमारत जीर्ण झाली की पुनर्विकासासाठी शंभर जणांच्या सह्यांची वाट बघतो. माझी जमीन माझ्या सहीची असेल.

मामा – हे मात्र मला खोडता येत नाही.

पण सगळ्यात मोठा वाद झाला तो या दोघांच्या अपेक्षेपलीकडच्या गोष्टीवर: गच्चीवर सोडायच्या सळया. कराड, सांगली, सातारा, कुठंही बघा. घरांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया आकाशाकडं तोंड करून उभ्या असतात, गंजून लाल झालेल्या. ‘उद्या पोरं वर बांधतील’ म्हणून सोडलेल्या. पोरं पुण्यात, बंगळुरात, काही परदेशात.

भाची – वरच्या मजल्याची सोय मात्र ठेवायची आहे मला.

मामा – सोय म्हणजे काय ठेवायचंय, ते आधी नीट सांग. नुसत्या सळया सोडल्यानं मजला चढत नाही. खालचं फुटिंग आणि कॉलम दोन मजल्यांच्या वजनाला डिझाइन केलेले हवेत. ते आत्ता करावे लागतात. काळ्या मातीत तर त्याचा फरक चांगलाच पडतो. मी कितीतरी घरं अशी पाहिली की सळया सोडल्या, पण फुटिंग एका मजल्याचं. पंधरा वर्षांनी पोरानं इंजिनिअर आणला, त्यानं नकाशा मागितला, नकाशा नव्हता. मग एकतर जोखीम घेऊन बांधा नाहीतर सळया कापा. आणि सोडलेली सळई पंधरा पावसाळे खाते, तिचं काय? सोडायचीच असेल तर तिच्यावर हलकं काँक्रीट ओतून झाकावी लागते. ते कुणी करत नाही.

भाची – म्हणजे ठेवायची तर पूर्ण ठेवायची.

मामा – पूर्ण ठेव, नाहीतर अजिबात ठेवू नकोस. कुणासाठी ठेवतेस, तेही सांग. भाडेकरूसाठी? मग इथलं भाडं काय येतं ते विचारून ये. पोरासाठी? तो सात वर्षांचा आहे.

भाची – आई-बाबांसाठी. आज ते जुन्या घरात आहेत. उद्या...

आम्ही वर राहायचं म्हणजे जिना आला, असं मी म्हटलं. गुडघ्यांचं नाव काढलं तशी ती थांबली. माझं मत मी तिला सरळ सांगितलं. आमच्यासाठी काही करायचंच असेल तर वरचा मजला नको. खालीच एक खोली अशी ठेवा की तिला लागून बाथरूम असेल, दाराला उंबरा नसेल आणि दार चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद असेल. आज हे नकाशावर रेघ ओढण्याइतकं सोपं आहे. दहा वर्षांनी भिंत फोडावी लागेल. वरच्या मजल्याच्या पायाचे पैसे इकडं फिरवा. माझा भाऊ याला लगेच हो म्हणाला. लेकीनं वेळ मागितला.

तिनं ठरवलं ते असं. आर्किटेक्टकडून दोन नकाशे घ्यायचे. एक आठशे फुटांचा, एकाच मजल्याच्या पायाचा, खाली जादा खोलीसकट. दुसरा हजार फुटांचा, दोन मजल्यांच्या पूर्ण पायाचा. आरसीसी कन्सल्टंटकडून दोन्हीच्या फुटिंगची सळई आणि काँक्रीट वेगवेगळं मांडून घ्यायचं, म्हणजे ‘सोय ठेवण्याची’ किंमत रुपयांत समोर येईल. चाचणीचा खड्डा त्याआधी. कर्जाचा अर्ज खऱ्या, मोठ्या आकड्याचा. सुपरवायझरची ओळ वहीत कायम.

मामा – खड्डा घेशील त्या दिवशी मला बोलाव. मुरूम कसा आहे ते हातात घेऊन बघितल्याशिवाय मी कागदावर विश्वास ठेवत नाही.

भाची – बोलावते. पण तुमचं तयार घर घेण्याचं म्हणणं अजून तेच आहे ना?

मामा – तेच आहे. मलकापूरच्या बाजूला एक रो-हाउस आहे, चार वर्षांचं. एकदा बघून तर ये. बघायला पैसे पडत नाहीत.

भाची – बघू. पण आत्ता उन्हाळ्यात नाही. जुलैत, पंधरा दिवस पाऊस लागून राहिल्यावर जाऊ, आणि गच्चीखालच्या खोलीपासून सुरुवात करू.